मुकुटाचं पाचवं टोक

रविवार, संध्याकाळ. कारेगाव.

आज मी कंपनीतल्या माझ्या साहेबांवर सूड उगवायला त्यांच्या घरी गेले होते. गेल्या आठवड्यात त्यांनी मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं माझं ड्रॉइंग घेतलं, स्वस्तात बसवायला त्यातलं बरंच काढलं आणि खाली स्वतःचं नाव घालून मीटिंगमध्ये दाखवलं. वर मलाच सांगतात, "पोरीचा वाढदिवस हाय, तो राजकन्येचा कार्टून सिनेमा पेनड्राइव्हवर आण."

मी मुद्दाम दुसरा भाग नेला. थिएटरात कधी न लागलेला, थेट सीडीवर काढलेला. रंग फिके, चित्रकार वेगळे, राजकन्येच्या मुकुटाला पाचाऐवजी चार टोकं. पाहुण्यांसमोर साहेबांचा पचका व्हावा, एवढंच हवं होतं.

पण त्यांना फरकच कळला नाही. "भारी हाय की!" म्हणाले.

कळला त्यांच्या मुलीला. जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मुकुटाचं एक टोक कुठं गेलं? केकवर तर पाच हायत."

"गप बघ गं!" साहेब ओरडले. "चार काय आन् पाच काय, कुणाला कळतंय?"

तिचा चेहरा पडला. मला लाज वाटली का? वाटली. टोकं मोजणारी तिथे ती एकटीच होती, आणि नेमकी तिलाच मी फसवलं. निघताना माझ्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घालून तिला पहिला भाग दिला.

साहेबांना मात्र सोडलेलं नाही. माझ्या मूळ ड्रॉइंगवर तारीख आहे. उद्या सकाळी ते प्लांट हेडना जाईल, साहेबांना प्रत. मेल लिहून ठेवला आहे. तीन ओळी, विशेषण एकही नाही.