ढगांतले दोन फुगे

मांजरी, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही दोघं ठीक आहोत. पायलची सहामाही कशी गेली? तिला म्हणावं, आत्याने तुझ्यासाठी स्वेटर बघून ठेवलाय, निळा. इकडे थंडी पडायला लागलीय. उसाच्या गाड्यांनी सोलापूर रस्ता तुंबलेला असतो आणि राकेश रोज त्यांना शिव्या घालत घरी येतो. म्हणजे यायचा. दोन दिवस झाले, तो कोणालाच शिव्या देत नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर माझा आवाज चढतो आणि आमच्या फ्लेक्सच्या दुकानाच्या भिंती पातळ आहेत. मेसेज तर नकोच, तो कोणाकोणाकडे फिरेल सांगता येत नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी पाठवायचीय का?" नोव्हेंबर चाललाय म्हटलं, बाई.

हिंमतराव गेल्याचं तुला गुरुवारी मीच कळवलं. झोपेत गेला, हार्ट अटॅकने. तू दोनदा विचारलंस, नक्की ना? मग म्हणालीस, "न्याय झाला, हेमा." आणि संध्याकाळी माहेरी वर्ध्यात गल्लीभर पेढे वाटलेस. मी तुला नावं ठेवत नाहीये. कोणत्या तोंडाने ठेवणार? विहाराची मोकळी जागा त्याच्या प्लॉटिंगमध्ये जाऊ नये म्हणून दादाने एक अर्ज केला. तेवढ्यावरून त्याने दादाला कालव्याच्या पुलावर रॉडने मारून टाकलं. साक्षीदाराने कोर्टात तोंड फिरवलं आणि हा पुराव्याअभावी निर्दोष सुटला. हायकोर्टातल्या अपिलाच्या तारखा आपण दोघीच तर मोजत होतो.

खरं सांगू, मला मारहाणीपेक्षा ती मिरवणूक जास्त आठवते. दादाचं पुण्यानुमोदनही झालं नव्हतं, आणि ह्याच्या वाढदिवसाचा डीजे मुद्दाम आपल्या गल्लीतून नेला. तू आतल्या खोलीत पायलचे कान दाबून बसली होतीस. मी खिडकीत उभी होते. एक पोरगा माझ्याकडे बघून नाचला. माणूस मेल्यावर त्याच्या दारात नाचणारे लोक असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तर झालं असं. शुक्रवारी सकाळी हिंमतरावाकडची दोन पोरं दुकानात आली. त्यांचं फ्लेक्सचं काम नेहमी हडपसरला जातं, पण तिथलं मशीन बंद पडलेलं. श्रद्धांजलीचा मोठा बोर्ड दुपारपर्यंत हवा. राकेश माझ्याकडे बघायला लागला. नाही म्हणायची सोय आहे का इथे? त्यांनी पेन ड्राइव्ह दिला. म्हणाले, गेल्या वाढदिवसाचीच फाईल आहे, वरची ओळ बदला, फोटोला हार घाला, बाकी तुम्हाला कळतं. सगळे असंच करतात. माणूस तोच, गॉगल तोच, खाली शुभेच्छुकांच्या जागी शोकाकुल लिहायचं. तीच तोंडं, तेच मोबाईल नंबर.

डिझाइन मीच करते, तुला माहीत आहे. राकेश मशीनवर असतो. मी मुकुट काढला, केक काढला, मागे स्वर्गाचे ढग टाकले. घाई होती. दोन फुगे राहून गेले. वर डाव्या कोपऱ्यात, ढगांमध्ये, लाल.

बोर्ड चौकात लागला आणि पहिल्यांदा शाळेच्या पोरांनी पाहिलं. मग कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो हसऱ्या इमोजींसकट सगळ्या ग्रुपवर. बोर्ड उतरवला, पण फोटो कोण उतरवणार?

काल दुपारी विश्वजीत आला. हिंमतरावाचा मोठा मुलगा. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो आत आला, स्टूल ओढून बसला, पाणी मागितलं. मी दिलं.

"राकेश, आमच्या बापाच्या मरणाला फुगं लावलं व्हय?"

"चूक झाली, दादा. घाईत राहून गेलं. कॉम्प्युटरवर मीच बसलो होतो."

मी तोंड उघडलं, तर राकेशने माझ्याकडे न बघताच हात मागे करून माझं मनगट दाबलं. विश्वजीतने पाणी संपवलं. म्हणाला, "दहाव्याला घाटावर ये. तिथं बोलू, समद्यांसमोर." आणि जाताना दुकानाच्या शटरवर दोनदा थाप मारून गेला, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी.

राकेश म्हणतो, पोलिसांत जाऊन सांगणार काय? दहाव्याचं आमंत्रण दिलं म्हणून गुन्हा नोंदवत नाहीत. विनोद करतो आणि जेवत नाही. दार वाजलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. काल दूधवाला होता. त्याला वाटलं, बिल थकलंय म्हणून आम्ही दार उघडत नाही.

राहून गेले, राहून गेले, असं मी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की ऐकणाऱ्याला पटतं. राकेशलाही पटलंय. पण वहिनी, तुला लिहिताना पेन अडतंय. त्या फाईलमधला प्रत्येक फुगा वेगळा असतो. एकेकावर जाऊन काढावा लागतो. मी बाकीचे सगळे काढले. शेवटच्या दोघांवर आले आणि मला ती खिडकी आठवली. मी माऊसवरून हात उचलला. ते राहिले नाहीत गं. मी ठेवले.

ठेवले तेव्हा इतकं हलकं वाटलं मला, की मी चहा टाकला आणि गाणं गुणगुणलं. आता राकेश ते निस्तरायला जाणार. हे त्याला कसं सांगू? आणि नाही सांगितलं तर?

तुझी,
हेमा

—

मांजरी
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
जयभीम.

राकेश घरी आहे. धडधाकट आहे, आत झोपलाय. बाकीचं नंतर वाच.

तू फोनवर म्हणालीस, दोघं वर्ध्याला निघून या. मीही तेच म्हणत होते. पण राकेश म्हणाला, पळालो तर मुद्दाम केलं असंच होईल. "आपण मुद्दाम केलेलं नाही ना?" असं त्याने सहज विचारलं. मग मी सांगितलं. त्याने उठून दाराची कडी लावली. आणि म्हणाला, "मग तर मलाच जावं लागेल." मी म्हटलं, मीही येणार. भांडलो. गेलो दोघंही.

काल घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. एकामागून एक पुढारी उठून सांगत होते की हिंमतरावअप्पा म्हणजे गरिबांचा आधार. मला हसू येईल अशी भीती वाटत होती. खरंच, एवढ्या भीतीतही ती एक वेगळी भीती होती. मी बायकांत मागे बसले. राकेश पुढे, पुरुषांत. त्याच्या दोन्ही बाजूंना विश्वजीतची पोरं येऊन बसली, अगदी पाहुण्याला बसवावं तशी.

मग पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. आपल्याकडे हे नाही, पण शेजारीपाजारी तू पाहिलं असशील. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात, आणि एकेक जण पुढे येऊन वचन देतो. कावळे होते, समोरच्या बाभळीवर ढीगभर. खाली येईनात. कोणी म्हणालं, अप्पा, विश्वजीतचं लग्न थाटात करू. कोणी म्हणालं, भावकीतला बांधाचा वाद मिटवू. विश्वजीतच्या चुलत्याने तर तोट्यातला धंदा चालवायचं कबूल केलं. कावळे बसलेलेच.

ऊन वाढलं. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अपमान केलाय त्यांचा. कसा शिवंल? त्या फ्लेक्सवाल्याला आणा पुढं."

वहिनी, हे मी तुलाच सांगू शकते. त्या क्षणापर्यंत मी मनातल्या मनात त्या कावळ्यांची विनवणी करत होते. या रे, एकजण तरी या. ज्याच्या मरणावर मी गाणं गुणगुणलं, त्याला शांती मिळावी म्हणून त्या घाटावर माझ्याइतकं कळवळून कोणी मागत नसेल. त्याची बायकोही नाही. माया नव्हती ती, माफी तर नव्हतीच. राकेशच्या दोन्ही दंडांना धरलं होतं, म्हणून.

त्याला पिंडापुढे उभं केलं. "हात जोड. माफी माग अप्पांची."

राकेश हळूच म्हणाला, "माफी तुमची मागतो, दादा. पिंडाला हात जोडत नाही आम्ही."

"आत्ता जोडायचं," विश्वजीत म्हणाला. तसाच, आवाज न चढवता. एका पोराने राकेशची मान मागून धरली आणि खाली दाबली.

मी कधी उठले ते कळलं नाही. बायकांच्या पायांवरून गेले बहुतेक, कोणीतरी ओरडलं. मी म्हटलं, "यांनी नाही केलं. मी केलं. मुद्दाम केलं."

माईक जवळच होता. माझाच आवाज नदीपलीकडून परत आला.

विश्वजीतने माझ्याकडे बघितलं. "का?"

मी किती रात्री ठरवून ठेवलं होतं, असा प्रसंग आला तर काय बोलायचं. दादाचं नाव, विहार, पूल, डीजे, सगळं. पण "आनंद झाला म्हणून," एवढंच निघालं. मग म्हटलं, "संजयची बहीण आहे मी."

सगळ्यांना संजय कोण ते माहीत होतं. एकाने मान खाली घातली. फक्त एकाने.

विश्वजीत म्हणाला, "अप्पांना कोर्टानं सोडलंय. निर्दोष हायेत ते. आता काय करनार तू?"

त्यावर मला उत्तर आलं नाही. का आलं नाही ते सांगते, पण आधी हे पुरं करते. पोरं पुढे सरकली. तेवढ्यात वेणूबाई बोलली, हिंमतरावाची बायको. डोक्यावरचा पदर तसाच, मान वर न करता. "आज माझ्या मालकाचा दहावा हाय. आज कुनाला हात लावायचा न्हाई."

राकेशची मान सुटली. गुरुजींनी घाईघाईने दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. आम्ही चालत घरी आलो. राकेश म्हणाला, "वेणूबाई फक्त 'आज' म्हणाली." मी म्हटलं, हो, मीही ऐकलं.

आता ते, जे मी आठवडाभर तुला सांगितलं नाही. सोमवारीच शर्मिला मॅडमचा फोन आला होता. वकीलच त्या, सरळ सांगितलं. आरोपी मेला की त्याच्याविरुद्धचं अपील तिथेच संपतं. पुढची तारीख नाही. फाईल बंद. खालच्या कोर्टाचा निकाल तोच कायम. दुसऱ्या कोणाचं नाव दादाच्या खटल्यात नव्हतंच. म्हणजे हिंमतराव निर्दोष म्हणून मेला, आणि आता तो कायमचा निर्दोष आहे. विश्वजीतला हे माहीत होतं. त्या घाटावर हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

तू पेढे वाटत होतीस, मी फुगे ठेवत होते, तेव्हाच आपला खटला मरत होता. झोपेत मरणं म्हणजे शिक्षा कसली गं? ते तर चांगल्या माणसांनाही येतं. आपण त्याच्या मरणावर खूश झालो, आणि ज्या एका गोष्टीसाठी तू पायलला कडेवर घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायचीस, ती गोष्ट तो बरोबर घेऊन गेला. मला त्या खिडकीतल्या दिवसाचा सूड हवा होता. तो मिळाला, दोन फुग्यांएवढा. त्याला न्याय म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

तू रागावशील. रागाव. पण आनंद झाला होता, हे मी अजूनही नाकारत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते मला, विश्वजीतपेक्षाही. त्या नाचणाऱ्या पोराचा चेहरा आठवला की आता त्यात मीही दिसते.

उद्या दुकान उघडणार आहोत. राकेश म्हणतो, बंद ठेवलं तर कायमचं बंद होईल. मॅडमनी पोलीस ठाण्यात आमच्या संरक्षणासाठी अर्ज दिलाय, त्याची पोच आली. उपयोग होईल न होईल.

एकच काम कर. पायल मोठी झालीय, तिला सगळं समजतं. पेढा देताना तू तिला न्याय झाला असं सांगितलं असशील. तिला जवळ बसवून खरं सांग. तुझ्या बाबांना मारणारा माणूस मेला, एवढंच झालं, असं सांग.

उद्याही इथेच असणारी, अशी आशा आहे,
तुझी हेमा