पावाच्या गाडीला मिळालेला कौल

रविवार, संध्याकाळ

मांडवीवरची माझी हॉटडॉगची गाडी आता बरी चालते, म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावर दुसरी लावायचं ठरवतेय. सासूबाई म्हणाल्या, आधी गावच्या देवीला कौल लावू. आज सकाळी गेलो. गुरवांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी लगेच पडली. म्हणजे होकार. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

परतताना रिक्षात सहज विचारलं, गुरवांना नक्की काय सांगितलंत? तर म्हणाल्या, "सांगितलं, सून पावाची गाडी लावतेय."

पावाची. त्या पावात कोंबडीचं सॉसेज असतं, ते सांगायचं राहिलंच. मग ती उजवी पाकळी कशासाठी पडली? वडापावासाठी?

दिवसभर तेच डोक्यात. परत जाऊन नीट विचारावं का? पण डावी पडली तर? ती जागा काही माझ्याने सोडवणार नाही. मग विचारायचंच कशाला? आणि न विचारता लावली, तर एखाद्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलं नाही की मला ती पाकळीच आठवणार.

मघाशी सासूबाईंना बोलून दाखवलं. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "देवीला सगळं ठाऊक असतं गो."

मग सकाळी विचारायला कशाला गेलो? मी दुसरी जुडी पुढ्यात ओढली.

आता वेल्डरचा फोन येतोय. दुसऱ्या गाडीचा पत्रा कापू का, विचारेल. त्याचं बरं आहे. त्याला माझाच कौल पुरतो.