तुमची वाळू अंगणात ओतली, मामा

प्रिय मामा,

दाजींनी तुमच्या माशांच्या टाकीतली वाळू घमेल्यानं अंगणात ओतली, त्या दुपारी हे घर माझ्यासाठी संपलं. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा ते संपलं नव्हतं, खरं सांगतो. पंप घुरघुरत होता, मासे तळ उकरत होते. तुम्ही आतल्या खोलीतच आहात असं वाटायचं.

आज लिहून राह्यलो, कारण घरात माझं ऐकणारं कुणी न्हाई. आणि जिथं जायला पाहिजे तिथं पाय उचलत न्हाई. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. कुठं जायचंय ते सांगतो. आधी काय झालं ते ऐका.

सुतक फिटलं म्हणून परवा घर धुवायला काढलं. चादरी, पडदे, भांडी, सगळं. मी आत्याला जीपनं जाफराबादला सोडायला गेल्तो. तेवढ्यात दाजींना, तुमच्या जावयाला, वाटलं, सगळं घर शुद्ध झालं, मंग टाकीनंच काय पाप केलं? मासे धुण्याच्या टबात टाकले. वाळू मुळापासून उपसली. फिल्टरचा स्पंज साबण लावून पांढराफेक केला! वरून नळाचं पाणी. ब्लीचिंग पावडरच्या वासानं तुम्ही नाक धरायचात ना, तेच. आणि तळाला काय, तर निळे-गुलाबी खडे. मामींनी वर गोमूत्र शिंपडलं.

मी दारातूनच ओरडलो, "दाजी, काय करून ठेवलं हे?"

"काय म्हणजे? बघ की, कसं चकाचक दिसून राह्यलं! तळाशी नुसती घाण होती."

"ती घाण न्हाई, त्यांची जान होती!"

"वाळूत कशाची जान रे? कॉलेज पुरं केलं असतं तर असं बोलला नसता."

मामी मधे पडल्या. "ओरडू नको बाबा. मयताच्या घरातलं पाणी तसंच ठेवत न्हाईत."

मामींवर मला रागावता येत न्हाई. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण दाजींनी एक फोन करायचा होता की न्हाई? मी काय परदेशात गेल्तो?

आठवतं, मामा? मी कॉलेज सोडून तुमच्याकडं आलो तेव्हा या टाकीत जाड, टोकदार खडी होती. तुमचे सिक्लिड मासे तोंडानं तळ उकरायचे आणि ओठ सोलून घ्यायचे. तुम्ही पूर्णा नदीची बारीक वाळू आणली. दोनच गोण्या, पण गल्लीत बोंब झाली, "मामा वाळूमाफिया झाले!" तुम्ही हसत हसत सगळ्यांना चहा पाजला. मंग आपण अंगणात वाळू धूत बसलो, पाणी नितळ येईपर्यंत. माझी कंबर मोडली आणि तुम्ही म्हणत होतात, "अजून गढूळ हाये. घाल अजून पाणी."

आणि मंग वाळू टाकायला लागलात, तर नुसता एक कोपरा! खडी काढायची तीही तेवढीच. पुढचा कोपरा पंधरा दिवसांनी.

"मामा, एका दिवसात उरकू की!"

"थांब रे, घाईखोर. जुन्या तळात बारीक जीव राहतात, ते माशांची घाण खातात. त्यांना नव्या वाळूत सरकू दे. सगळं एकदम काढलं तर मासे आपल्याच मुतात मरतील."

बोअरच्या ज्या पाण्यानं तुम्हाला मूतखडा झाला, त्याच जड पाण्यात ते मासे फुलायचे. तो पिवळा नर वाळू तोंडात भरून नेऊन टाकायचा, गोल आळं करायचा, मादी आली की थरथरायचा. ती ढुंकून बघायची न्हाई. तुम्ही मला कोपरानं ढोसायचात. "बघ, गजू. तुझाच भाऊ. पोरीसाठी खड्डे खंदून राह्यला."

मला राग यायचा. आजही येतो. माझ्या दुःखावर अशी थट्टा करतात का? वैष्णवीनं न्हाई म्हटलं, तिच्या वर्गात बसवेना, म्हणून मी कॉलेज सोडलं. यावर तुम्ही काय म्हणालात? "येड्या, तिनं न्हाई म्हटलं. केमिस्ट्रीनं कुठं म्हटलं?"

पण हाकललं न्हाई तुम्ही. टाकीजवळ बसवलं.

मंग एक विचारतो, आणि रागानंच विचारतो. एवढं शिकवलंत, तर एकदा जेवताना सगळ्यांसमोर "टाकी आता गजूची" असं का न्हाई म्हणलात? माझा शब्द या घरात चालत न्हाई, हे तुम्हाला बराबर माहीत होतं. एका वाक्याचा सवाल होता, मामा!

आता हालत ऐका. त्याच संध्याकाळी मी पाणी बदललं, शेजारून बोअरचं आणलं. खडे काढून फेकले. पण वाळू उन्हात तापून मेलेली, स्पंज कोरा. नुसत्या पाण्यानं काय होतंय? आज लाल मादी तरंगली. बाकीचे वर येऊन तोंड वासून राह्यलेत. पिवळ्याचे कल्ले लाल झालेत. रोज पाणी बदलत बसलो तरी सगळे टिकतील असं वाटत न्हाई. जुनी, जिवंत वाळू पाहिजे.

ती आपल्या मस्तगड भागात एकाच घरात आहे. मागच्या गल्लीत.

तुम्हीच दिली होती ना वैष्णवीला ती छोटी टाकी? आपली वाळू जमल्यावर डबाभर तिच्याकडं नेऊन टाकलीत. "पोरगी हौशी हाये," म्हणालात. मी म्हणालो, "मामा, माझ्या जखमेवर तुम्हीच?" तुम्ही म्हणालात, "तुझं लफडं तुझ्यापाशी. माशांना त्याचं काय?" त्या दिवशी मी तुमच्याशी बोललो न्हाई. तिच्या दारात पाय ठेवणार न्हाई अशी शपथही खाल्ली, तुमच्याच समोर.

तर मामा, ती शपथ मोडायला निघालोय.

वचन देतो. मी तिच्याकडं फक्त वाळू मागीन. जुनं काही काढणार न्हाई. "का" म्हणून विचारणार न्हाई. ती आत बोलवेल तेवढंच आत जाईन. ओली वाळू डब्यात घेऊन तडक येईन, एका कोपऱ्यात पसरीन, आणि बाकीचा तळ तुमच्यासारखाच सावकाश भरीन. कुणी हात लावला तर मात्र गप्प बसणार न्हाई, हे पण वचनच समजा.

दिवाणावरून दाजी विचारून राह्यलेत, "स्टीलचा डबा घेऊन कुठं चालला रे?" पत्र घडी करून खिशात घालतो, चप्पल घातलीय, आणि बाहेरून दार ओढून घेतो.

तुमचा भाचा,
गजू