मावंद्याचं बोलावणं

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

धर्मापुरी, ता. परळी
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. रुद्राणी हिस अक्काचे आशीर्वाद, घरातल्या सगळ्यांना शरणार्थ.

इकडे ठीक. तुरीला शेंगा धरल्यात, दुकानात लग्नसराईची गर्दी आहे, माझा गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. फोन केला असता. पण फोनवर तू मधेच रडतेस आणि मलाच तुझी समजूत घालावी लागते. म्हणून पत्र.

सांगायचं म्हणजे, मी काशीला जाऊन आले. विमानाने. छातीतल्या मशीनसकट.

दचकलीस ना? दोन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके सांभाळायला ते मशीन बसवलं, तेव्हा उशाशी तूच होतीस. "बरी झाली की आपण दोघी काशीला जाऊ," हेही तूच म्हणालीस. आईच्या परसात भांडी घासताना ठरवलेलं आपलं, लग्नाआधीचं. आणि गणपतीत विमानाची तिकिटं काढायच्या वेळी येऊन म्हणालीस, "अक्का, लई कडक असतंय तिथं. त्यांच्या यंत्रानं तुझं मशीन बंद पडंल. अन् गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट काढून चपला-पट्ट्यांसंगं ट्रेमधी ठिवावं लागतंय."

मशीन बंद पडण्याला मी भ्याले नसते. काशीत मरण आलं तर कोण नको म्हणेल? पण आंघोळीलासुद्धा न उतरवलेलं लिंग मी अंगावरून काढणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नेमकं तेच बोललीस. मी म्हटलं, तू जा बाई, माझ्या वाटची एक डुबकी मार.

माझ्या जागी तू तुझ्या विहीणबाईंना, लेकीच्या सासूला, नेलंस.

तुझ्या मावंद्याला, काशीहून आल्यावरच्या जेवणाला, मी आले. काशी करून आलेल्याच्या पाया थोरांनीही पडायचं असतं, म्हणून तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी मी, गुडघा धरून तुझ्या पाया पडले. तू पडू दिलंस.

पंगतीत विहीणबाई सहज म्हणाल्या, "आमच्या म्होरं एक म्हातारी व्हती, तिलाबी असंच मशीन. मशीनचं कार्ड दावलं, पोलीसबाईनं पडद्याआड हातानं तपासलं, गळ्यातलं काई काढाया लावलं न्हाई, झालं." त्या बिचाऱ्या भोळ्या. तू वरणाचं भांडं घेऊन दुसऱ्या टोकाला गेलीस.

डोकं दुखतंय म्हणून मी लवकर निघाले. डोकं दुखत नव्हतं. गाडीतच सूनबाईने, स्वप्नालीने, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "विमानाला काही हरकत नाही. तुमच्या रुद्राणी मावशी श्रावणातच विचारून गेल्या की! कार्ड दाखवा, हाताने तपासायला सांगा, तपासणीच्या दारात रेंगाळू नका, सगळं त्यांना लिहून दिलंय." मांजरसुंब्याला चहाला गाडी थांबली, पण मी खाली उतरले नाही.

लेकीची सासू रुसली होती, लेकीचा संसार डगमगत होता, मला कळत नाही का? तोंडाने मागितली असतीस तर मी हसत जागा दिली असती. तू माझी श्रद्धाच माझ्या आडवी घातलीस, रुद्राणी. याचा राग मला गिळता येत नाही.

पुण्याच्या विमानतळावर पोलीसबाईने गळ्यातल्या लिंगाच्या डबीकडे बोट केलं. मी गळ्यातच ठेवून उघडून दाखवली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "जा आजी." एवढंच. वर गेल्यावर ढग पायाखाली आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रुद्रे, बघ गं!" शेजारी स्वप्नाली होती.

गंगेत घरातल्या सगळ्यांच्या नावाने डुबकी मारली. तुझ्या नावाने नाही. हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

सोमवारी माझं मावंदं आहे. तू ये. नाही आलीस तर गाव विचारेल आणि मला तुझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. पोटभर जेव. पण माझ्या पाया पडू नकोस. तू वाकलीस की रीतीप्रमाणे तुला उठवून पोटाशी धरावं लागेल, आणि ते माझ्याने अजून होणार नाही.

तरीही तुझी अक्काच,
शांतादेवी