बाळाचं खरं वजन

श्रीरामपूर,
५ मार्च १९९८

ति. द्वारकाअक्कास,
पंकजाचा सा. न. वि. वि.

वैजनाथदाजींचं कार्ड मिळालं. मुलगा झाला म्हणून वॉर्डातल्या सगळ्या नर्सबायांना पेढे वाटले. पण वजन दोन किलो दोनशे वाचलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. आमचे डॉक्टर सांगतात, बाळाच्या वजनावरून आईची प्रकृतीही ताडता येते. लहान बाळांच्या आयांना पुढे रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास जास्त दिसतो. तेव्हा या आठवड्यात बीपी मोजून घेच. टाळाटाळ केलीस तर एसटीनं येऊन ओढत नेईन. बाळाला गोड पापा.

तुझीच,
पंकजा

पाथर्डी,
१८ मार्च १९९८

चि. पंकजास अनेक आशीर्वाद.

बीपी मोजलं, अगदी ठीक आहे. आता एक कबूल करते, रागावू नकोस. बाळ चार किलो सातशेचं आहे. दवाखान्यातल्या बाईंनी दोनदा वजन करून पाहिलं. दृष्ट लागेल म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळ्या पाहुण्यांना निम्म्याहून कमीच कळवायला लावलं, आणि आईचा शब्द मोडतील ते तुझे दाजी कसले. थोरलीच्या वेळी तू ट्रेनिंगला होतीस, तेव्हाही असंच केलं होतं. तीही सव्वाचारची होती. मी मजेत आहे. तहान तेवढी फार लागते, पण ऊनच तसं आहे.

माया पातळ करू नकोस.
अक्का

श्रीरामपूर,
२४ मार्च १९९८

ति. अक्कास सा. न. वि. वि.

मी रागावले आहे आणि हे पत्र आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. दृष्टीच्या भीतीपायी तुम्ही मला भलत्याच काळजीला लावलंत. बाळ फार मोठं असणं हीसुद्धा खूण असते. आईच्या रक्तातली साखर वाढली की बाळ पोटात असं वाढतं, आणि अशा आईला पुढे मधुमेह गाठू शकतो. तुझी तर दोन्ही बाळं मोठी. उद्याच साखर तपास. आत्याबाईंनाही ने. आपली पाचही लेकरं दांडगी जन्मली असं त्या अभिमानानं सांगतात, आणि पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नाही म्हणून हळद लावत बसतात.

काळजीत असलेली,
पंकजा

पाथर्डी,
२० जुलै १९९८

चि. पंकजास उदंड आशीर्वाद.

जिंकलो गं! माझी साखर वाढलेली निघाली होती, पण थोडीच. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, गोळीची गरज नाही. चहातली साखर सोडली, रोज सकाळी चालायला लागले, आणि कालचा रिपोर्ट नॉर्मल आला. दर वर्षी तपासायचं मात्र आहे.

आत्याबाईंची साखर खूपच निघाली. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरांनी बजावलं. मग गोळ्या, ड्रेसिंग, पथ्य, एक दिवस चुकवला नाही. जखम भरली, अंगठा शाबूत आहे. परवा शेजारच्या गहिनीनाथच्या मुलीच्या बारशाला त्या स्वतः चालत गेल्या आणि पाळण्यापाशी सगळ्या बायकांसमोर नातवाचं वजन खणखणीत सांगितलं, स्वतःच्या साखरेसकट. ती मुलगीही चांगली जड आहे. सोमवारी तिच्या आईला तपासायला आत्याबाईच घेऊन जाणार आहेत.

पत्राचा शेवट त्यांनीच सांगितला, जसाच्या तसा लिहिते: "पंकजाला लिव्ह, तुज्या रागानं माजा पाय वाचला. लोभ तर हायेच, रागबी असाच असू दे."

तुझी,
अक्का