एक शिलाई मशीन आणि कल्पिताबाईंचा बंदोबस्त

मंगळवार, २७ जानेवारी

माझ्या निळ्या चौकडीच्या शर्टाचं वरून दुसरं बटण गेले कित्येक दिवस जागेवर नाही. ही बाब क्षुल्लक आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी पहिलं आणि तिसरं बटण लावून आरशासमोर उभं राहावं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि विसरलं, असा शर्ट दिसतो. आत बनियन.

बटण लावायला घरात कोणी नाही. कारण विनिता, माझी धर्मपत्नी, सकाळी दहाला रामनगरात कल्पिताबाईंच्या बुटिकात जाते आणि रात्री आठला उगवते. दिवसभर परक्या बायकांच्या ब्लाउजांना हूक लावते. स्वतःचा नवरा उघडा.

मी स्वतः लावू शकतो. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी

नोंद असावी म्हणून पूर्वपीठिका. ठाण्याच्या शाळेत उभी हयात संस्कृत शिकवलं. दिवाळीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. हेतू एकच. दुपारी चारला दोघांनी गॅलरीत बसून, घड्याळाकडे न बघता चहा घ्यायचा. भाऊबीज झाली आणि त्याच आठवड्यात विनिता आपलं शिलाई मशीन टेम्पोत घालून कल्पिताबाईंकडे रुजू झाली. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग राहिलेत. मी तिथे खुर्ची ठेवून पाहिली. डाग दिसतातच.

ही चाल कल्पिताबाईंची. 'सूड' हा शब्द ग्राम्य आहे, म्हणून 'प्रतिशोध' म्हणतो. तो घेण्यात येईल.

रथसप्तमी होऊन गेली तरी बाईंनी विनिताबरोबर तिळाच्या वड्या पाठवल्या. "भाऊजींना द्या" म्हणे. शत्रूचं अन्न वर्ज्य.

दु. ४.१० : चार वड्या खाल्ल्या. शत्रूचं बळ अजमावणं आवश्यक होतं. वेलची जास्त आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी

योजना सिद्ध. घरातच शिवणकामाचा उद्योग काढायचा. घरगुती नव्हे, कारखान्यात असतं तसं मोटरचं दणकट मशीन घ्यायचं. विनिता प्रमुख. मी संचालक. विनिता बुटिक सोडते, गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग येतात, कल्पिताबाई शटर ओढतात. चारला चहा.

शिंपी याला अस्सल संस्कृत शब्द 'तुन्नवाय'. बोर्डावर 'तुन्नवाय वस्त्रशाला' कसं दिसेल, असं विनिताला सहज म्हणून विचारलं. वाताच्या तेलाचं दुकान वाटेल, म्हणाली आणि कूस बदलून झोपली. दमलेली असते. दमवणारी कोण, हे वेगळं सांगायला नको.

मला शिवता येत नाही ही अडचण नाही. यूट्यूबवर व्हिडिओ पाहतोय. ज्याने दहाही गणांचे धातू चालवले त्याला एक सुई चालवता येणार नाही?

शनिवार, ७ फेब्रुवारी

वागळे इस्टेट. बंद पडलेल्या एका शर्टांच्या कारखान्याचा माल विकायला काढलाय. जगन नावाचा जुन्या मशीनचा दलाल. तोंडात मावा, गळ्यात सोन्याची चेन, मला सतत साहेब म्हणत होता. माणूस पारखण्यात मी चुकत नाही. सरळ आहे.

आत ओळीने मशीन उभी. बरीचशी एकसारखी, साधी. कोपऱ्यात एक वेगळं होतं. डोकं मोठं, बाजूला जास्तीच्या चकत्या, दांडे. त्याच किमतीत इतके जास्त भाग मिळत असताना साधं कोण घेईल? वीज कापलेली, त्यामुळे चालवून पाहता आलं नाही. पण मी कसून चौकशी केली. वजन किती, वय किती, जन्म कुठल्या देशातला. जगन म्हणाला, "साहेब, शर्टावर हेच चालायचं. याच्याशिवाय शर्ट बाहेरच पडायचा नाही."

घेतलं. कल्पिताबाई संपल्या.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मशीन आलं. लिफ्टमध्ये मावलं नाही. हमालांनी जिन्यातून आणलं आणि प्रत्येक मजल्यावर माझ्याविषयी मत मांडलं. शिवानीच्या खोलीत ठेवून वर चादर टाकली. मुलगी बंगळूरला नोकरीला आहे, खोली रिकामीच. विनिता घरी नसताना सराव करायचा आणि पहिला अभ्रा शिवूनच तिला दाखवायचा, असा बेत आहे.

रात्री विनिताने विचारलं तर 'पुस्तकांचं कपाट' सांगायचं ठरवलं होतं. तिने विचारलं नाही. मीच सांगितलं. बरं, म्हणाली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

स. ११ : पायडल दाबलं. खालचे दौलतराव धावत वर आले. त्यांच्या शोकेसमधल्या काचा वाजतात. गृहोद्योगाला चालना देणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सांगितलं. ते पायऱ्या उतरताना काहीतरी पुटपुटले.

स. ११.४० : मशीनमध्ये बिघाड. अर्धा इंच शिलाई घातली, वळलं, शेजारून परत आलं, आणि वरून एक पातं पडून दोन शिलायांच्या मधोमध कापड कापलं. खट्. मग आपणहून थांबलं.

दु. १ : पुन्हा तेच. अभ्र्याला ओळीने भोकं पडली. आता तो फुंकला तर वाजेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी

तेल घातलं. रागावून पाहिलं. कापड जोरात ओढून पुढे नेलं, तरी अर्धा इंच आणि खट्. वापरलेलं मशीन, अनेकांच्या हाताखाली गेलेलं. वाईट सवयी लागलेल्या असणार. वळण लावायला वेळ लागतो. आठवी 'ब'लाही लागला होता.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जगनला फोन करून मशीनची वर्तणूक सविस्तर सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, ते काजाचं मशीन आहे. काजच करणार ना."

म्हणजे हे यंत्र फक्त बटणाचं काज करतं. शिवत नाही. कारखान्यात एकेका कामाचं एकेक मशीन असतं म्हणे. तुम्ही फसवलंत, मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, तुम्ही जन्माची जागा विचारलीत, काम काय करतं ते विचारलंत का? शिलाईचं हवं होतं तर तसं बोलायचं, रांगेत तीच तर उभी होती.

प्रतिशोधाच्या यादीत जगनचं नाव घातलं आहे. कल्पिताबाईंच्या खालोखाल.

शनिवार, २८ फेब्रुवारी

विचारांती असं दिसतं की मी योग्य तेच मशीन घेतलं. शिलाई कोणीही घालतं. काज मात्र प्रत्येक शिंप्याला बाहेरून करून आणावं लागतं. ज्याच्या हाती काज, त्याच्या हाती शर्ट. कल्पिताबाई कल्याणच्या काजवाल्याकडे माल पाठवतात, असं विनिताच्या बोलण्यात आलं होतं. आज ना उद्या त्या माझ्या दारात उभ्या राहतील, आणि मी त्यांना नाही म्हणेन. वाक्य तयार आहे. "क्षमस्व. आमच्याकडे सध्या वेळ नाही." सौम्य, पण लागेल असं.

हात बसला आहे. रेघेत, समान अंतरावर काजं पडतात. घरातल्या सगळ्या नॅपकिनांना आणि स्वयंपाकघरातल्या फडक्यांना काजं झाली. काल विनिता हात पुसत होती आणि बोट आरपार गेलं. घरात उंदीर झालेत, म्हणाली.

शुक्रवार, ६ मार्च

दैव जागं आहे. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी एका ढोल पथकाच्या कुर्त्यांची मोठी ऑर्डर बुटिककडे आहे. कुर्ते शिवून तयार. आणि कल्याणचा काजवाला सीताराम दुकानाला कुलूप लावून शिमग्याला राजापूरला गेलाय. ग्रामदेवतेची पालखी त्याच्या खांद्यावर असते, तो पाडव्याआधी येत नाही. बाकीचे काजवाले लग्नसराईत बुडालेले. विनिता जेवताना हे सगळं कल्पिताबाईंशी फोनवर बोलत होती. मी शांतपणे तिला कोशिंबीर वाढली. आत शंख वाजत होते.

मशीन देणार नाही. पाडव्याला फडके रोडवर पथक कुर्त्यांच्या छात्या उघड्या टाकून ढोल बडवेल आणि सारं डोंबिवली विचारेल, शिवले कोणी?

रविवार, ८ मार्च

दुपारी विनिता खिडकीखाली खुर्चीत कुर्त्यांचा गठ्ठा घेऊन बसली. काजं हाताने घालत होती. एका काजाला किती टाके लागतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा नाकावर, मध्येच मान चोळायची. जेवण तसंच झाकलेलं.

मी म्हणालो, कल्पिताबाईंची ऑर्डर, त्यांनी निस्तरावी. यात नुकसान झालंच तर त्यांचं होईल.

तिने मान वर केली नाही. "ऑर्डर मी आणलीय, अहो. पथकाच्या मुलांना शब्द मी दिलाय. पहिलीच मोठी ऑर्डर आहे माझी."

हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं.

दु. ३ : चादर काढली.

तिने मशीनभोवती एक फेरी मारली. पात्यावरून हळूच बोट फिरवलं. कपाट म्हणाला होतात ना, म्हणाली. मग खोलीच्या कोपऱ्यातला अभ्रा उचलून उजेडात धरला. मी घाईने सांगितलं की पहिल्यापासून काज हेच आपलं लक्ष्य होतं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. नॅपकिनांचं कोडं सुटलं, एवढंच म्हणाली आणि कुर्ते आणायला गेली.

हा प्रतिशोधाचा त्याग नव्हे. अट घातली आहे. काम इथेच होईल, माझ्या घरात. लिफ्ट बंद आहे, शत्रूला पायऱ्या चढून यावं लागेल.

बुधवार, ११ मार्च

कल्पिताबाई रोज येताहेत. चढताना धाप लागते त्यांना, हे पाहून समाधान वाटलं. दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अगदी देवासारखे धावून आलात." मी मुद्रा कठोर ठेवली. तयार वाक्य बोलायचं राहून गेलं.

मी मशीनवर. विनिता खुणा करून देते. कल्पिताबाई बटणं लावतात. दौलतरावांनी शोकेसमधल्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. चारला चहा, तीन कप. शत्रूला फुटका कान असलेला कप दिला.

मशीनच्या आवाजात त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. थांबवलं की कळतं. एक गिऱ्हाईक आहे म्हणे, तिला ब्लाउज ढगळ हवा, पण फिटिंगला घट्ट. विनिताने तिची नक्कल केली. हनुवटी आत ओढून, पदर चिमटीत धरून. कल्पिताबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मीही हसलो, पण मला कोणी बघितलं नाही.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. विनिता नकला करते हे मला माहीत नव्हतं.

शनिवार, १४ मार्च

कुर्ते वेळेत पूर्ण. मशीन बुटिकला गेलं. शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर घ्यायची आहे. विनिताने विचारलं, नेऊ का? जिंकलेल्याने औदार्य दाखवावं म्हणून हो म्हटलं. तेच हमाल आले. मला पाहून एकाने नमस्कार केला.

कल्पिताबाईंनी जाता जाता, भाऊजी, तुम्हीही या की काजाला, असं सुचवलं. विनिता गठ्ठा बांधत होती. ती काय म्हणते ते पाहत मी थोडा वेळ थांबलो. मग म्हणालो, लेखनाची बरीच कामं खोळंबली आहेत.

कुठलीही खोळंबलेली नाहीत.

शुक्रवार, २० मार्च

काल शोभायात्रा पाहिली. पथकाच्या छातीवर सगळी बटणं लागलेली होती. कल्पिताबाईंचा ऱ्हास तूर्त लांबणीवर.

आज बुटिकला सुट्टी. चारला गॅलरीत आम्ही दोघंच चहाला बसलो. दिवाळीपासून मला जे हवं होतं ते हेच. मी बोलायला म्हणून सकाळपासून दोन विषय काढून ठेवले होते, ते पहिल्या घोटातच संपले. तिने विचारलं, साखर बरोबर आहे ना. मी म्हणालो, हो. समोरच्या इमारतीच्या रंगकामाकडे दोघांनी बराच वेळ पाहिलं. मग तिचा फोन वाजला आणि ती कप घेऊन आत गेली. आतून हसू ऐकू येत राहिलं.

कल्पिताबाईंनी माझं काही नेलेलं नाही. मला काळजी वेगळीच आहे. विनिताकडे माझ्याशी बोलण्यासारखं काही नाही. हे अलीकडचं आहे की आधीपासूनच असं होतं, ते मला ठाऊक नाही, आणि तिला विचारायची भीती वाटते.