लाल सायलेन्सर

३ ऑगस्ट, रविवार
यंदा गणपती आणायची पाळी माझी. रत्नागिरीतल्या मूर्तिकाराकडून, गणपतीच्या शाळेतून मूर्ती उचलायची आणि माझ्या गाडीतून गावच्या घरी न्यायची. भावकीने मान्य केलंय, तोंडं वाकडी करून का होईना.

गेल्या वर्षी मी नुसता पाहुणा म्हणून गाडी घेऊन गेलो, तर सायलेन्सरचे गंजके पोपडे घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात पडले. चुलतभाऊ दीपकने ते कागदात गोळा केले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिले. म्हणाला, अनिलदादा, तुझं सामान राहिलं. सगळे हसले. माझी बायको नम्रतासुद्धा. मी कोणालाही विसरलेलो नाही.

दीपकची आई, तुळसाकाकी, घरात सगळ्यांत मोठी. तिने आज फोनवर बजावलं, की मेल्या, खळ्यात कचरा पाडणाऱ्या गाडीतून देव येणार नाय, तसंच असेल तर दीपकची गाडी आहे. आहेच म्हणे. जयगडच्या पोर्टात नोकरी लागल्यापासून त्याच्या गाडीशिवाय कोणाचं पान हलत नाही.

निश्चय: सायलेन्सर मी स्वतः रंगवणार. गॅरेजवाला दीपकचा मित्र आहे, त्याला चावीसुद्धा देणार नाही. एका दुपारचं काम.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुपारी झोप लागली.

९ ऑगस्ट, शनिवार
मिरकरवाड्याला गेलो. वजीर माझा वर्गमित्र, त्याची होडी आहे. सीझन सुरू होण्याआधी होडी रंगवली, त्यातला अर्धा डबा उरलाय हे मला ठाऊक होतं. होडीच्या तळाचा रंग, लाल. विचार साधा आहे: जो रंग खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकतो, त्याला माझा सायलेन्सर म्हणजे किस झाड की पत्ती. दुकानात सायलेन्सरचा वेगळा रंग मिळतो म्हणे. लोकांना लुबाडायचे धंदे.

वजीरने विचारलं, कशाला हवा रे? सायलेन्सर म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत जेटीभर झालं असतं. गेटला, म्हणालो. म्हणाला, मग घे बिनधास्त, गेट गंजायचं विसरून जाईल. तज्ज्ञाचं मत मिळालं.

१० ऑगस्ट, रविवार
गाडी जॅकवर चढवली, चाकांना चिरे लावले, खाली शिरलो. तारेच्या ब्रशने गंज घासायला घेतला. पोपडे सरळ डोळ्यांत. थोडं घासल्यावर लक्षात आलं की गंज सगळा काढला तर सायलेन्सर उरणार नाही. म्हणजे गंज हाच त्याचा आधार आहे. आधार काढणं मूर्खपणाचं. थेट रंग दिला. जाड दिला.

नम्रता बाहेरून विचारत होती, की अहो, आधी साफ करायचं असतं ना? तिला म्हटलं, तू तुझी भाजी बघ. संध्याकाळी भाजी झाली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रंग वाळत नाही. हवाच अशी, त्यात माझा काय दोष? सानवीचा हेअर ड्रायर घेऊन गाडीखाली झोपलो. तिने कॉलेजातून येऊन पाहिलं आणि आईला हाक मारली. स्वतःची मुलगी, पण हाक फितुराची. ड्रायर आता बंद पडलाय. तो आधीपासूनच कमजोर होता.

हातांचा रंग निघत नाही. रंगाचा दर्जा यावरून कळतो.

१७ ऑगस्ट, रविवार
दीपक आला. बोलावलं नव्हतं. वाकून बघितलं आणि म्हणाला, अनिलदादा, गाडी समुद्रात घालणारेस काय? माझ्यावर जळतो, दुसरं काय. मग म्हणे, एकदा चालू करून तापव, बघूया काय होतंय. मी साफ नकार दिला. नवा रंग तडकावा हाच त्याचा डाव. गाडी आता मूर्ती आणायच्या दिवशीच सुरू होणार. तोवर मी ऑफिसला रिक्षाने.

जाताना त्याने नम्रताला सांगितलं, की वैनी, मी मागून येईन माझी गाडी घेऊन, असूदे सोबत. सोबत! मी पडावं म्हणून मागे चालणारा माणूस.

२४ ऑगस्ट, रविवार
रंग वाळला. बोट लावलं तर थोडंसंच चिकटतं. काकीला फोन करून सांगितलं, एक पोपडा पडला तर नाव बदलीन. काकी म्हणाली, बरं. विश्वास नसलेलं बरं होतं ते.

२६ ऑगस्ट, मंगळवार
लिहायची इच्छा नाही. पण खरं काय झालं त्याची नोंद हवी, नाहीतर उद्या दीपक त्याचं सांगेल.

मूर्ती सुरेख. मागच्या सीटवर सानवीच्या मांडीवर, तोंडावर रुमाल. पुढे काकी, खास शहरात आलेली. मागे दीपकची गाडी. साळवी स्टॉप येईपर्यंत सगळं उत्तम. मग वास. काकी म्हणाली, काय जळतंय रे? मी म्हटलं, दीपकची गाडी असेल. मग मागे काळा धूर. माणसं ओरडायला लागली, गाडी पेटली, गाडी पेटली. सानवी मूर्ती घेऊन खाली उतरली. काकीसुद्धा, या वयात, उडी मारून.

सायलेन्सरवर चक्क जाळ. बाजूने आमच्याकडे मासे आणणारी झुबेदा चालली होती, डोक्यावर बर्फातल्या बांगड्यांची पाटी. तिने पाटी उतरवली आणि बर्फाचं सगळं पाणी गाडीखाली ओतलं. जाळ विझला. रंग चर्रकन सोलून रस्त्यावर पडला, गंजासकट. सायलेन्सरला भोक. गाडीभर बांगड्याचा वास.

काकीने झुबेदाचा हात धरून आभार मानले. मग माझ्याकडे बघितलं. बांगड्याच्या गाडीतून देव नाय न्यायचा, एवढंच म्हणाली. मूर्ती दीपकच्या गाडीत गेली. सानवी गेली, काकी गेली. नम्रतासुद्धा आधीपासून त्याच्याच गाडीत होती. मी माझ्या गाडीपाशी थांबलो. कोणीतरी थांबायला हवं होतं.

आठ दिवस आधी गाडी तापवली असती तर. पण ते दीपक म्हणाला होता.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी
एस.टी.ने गावी पोचलो. आरतीत सगळे टाळ्या वाजवत होते. माझे हात लालभडक, म्हणून मी खिशात ठेवले. काकीने ओंजळीत प्रसाद न देता पानावर दिला.

आरती झाल्यावर दीपक मला मागच्या पडवीत घेऊन गेला. वाटलं, आता काढणार कालचा विषय. मी तयार होतो. गेल्या वर्षीपासून एक उत्तर घोकून ठेवलंय, चांगलं लागेल असं. तो खोबरेल तेलाची वाटी घेऊन खाली बसला, माझे हात पुढ्यात घेतले आणि चोळत बसला. बोटन् बोट. नखांच्या कडाही. हसलासुद्धा नाही. मी वाट बघत होतो. शेवटी माझेच डोळे भरले, तेलाच्या वासाने.

रंग निम्मा निघाला. उत्तर तसंच राहिलं.